नमुन्याचं नाव

रोज उठून तेच बटण दाबायचं म्हणजे वैताग. म्हणून दीक्षानं ते काम यंत्राच्या गळ्यात मारलं. चौलच्या घरात बसून ती एका कंपनीसाठी रुग्णवाहिका मागवायचं वेबपान तपासायची. तिनं सेटिंगच्या फाइलमध्ये ओळीखाली ओळ लिहिली: हे पान उघड, या रकान्यांत हे भर, बटण दाब, ‘गाडी निघाली आहे’ असं आलं की हिरवी खूण कर. रोज सकाळी नऊला यंत्र ती फाइल वाचायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं.

तपासणीच्या नमुन्यात रुग्णाचं एक नाव हवं होतं. समोर बाबा पेपर वाचत बसले होते. तिनं लिहून टाकलं: रामजी, चौल, बाबांचाच मोबाइल नंबर, छातीत दुखतंय.

“म्हंजे रोज सकाळी माज्या छातीत दुखनार व्हय गं?” रामजी हसले. एसटीतून निवृत्त झालेला माणूस. लेकीच्या फाइलमध्ये आपलं नाव आहे, हे गावभर सांगत सुटले.

पण पान खरं, त्यामुळे विनंतीही खरीच नियंत्रण कक्षात जायची. आठवड्यात तिथली बाई फोनवर कावली. “मॅडम, तुमच्या रामजींसाठी आम्ही रोज गाडी पिटाळायची का?” मग दीक्षानं पानाच्याच सेटिंगमध्ये आणखी एक ओळ टाकली: या नावानं, या नंबरावरून आलेली विनंती कक्षाला दाखवू नकोस, नुसतं ‘गाडी निघाली आहे’ असं उत्तर दे. नाव नंतर बदलू, असं तिनं ठरवलं. ते ‘नंतर’ सात महिने लांबलं. आळस, दुसरं काय!

जानेवारीत ती रेवसहून लाँच पकडून मुंबईच्या ऑफिसात गेली होती. भर दुपारी रामजी घामानं निथळले. “दीक्षाचं पान उघड,” ते बायकोला, भिमाबाईला म्हणाले आणि स्वतःच सगळं भरलं. पानावर उमटलं: ‘गाडी निघाली आहे.’ शेजारचा सदा रिक्षा घेऊन दारात आला, तर भिमाबाईनंच त्याला थांबवलं. “गाडी निघालीय रे. रिक्षात हाल व्हतील त्यांचं.”

पाऊण तास वाट पाहून सदानं त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या सकाळी भिमाबाईनं मोबाइल लेकीपुढे धरला. “निघाली म्हनून लिवलंय. मग आली का न्हाय?”

रेंज नव्हती, असं सांगून सुटता आलं असतं. आईनं ते मानलंही असतं. दीक्षाला ते जमलं नाही. तिनं नावापासून त्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं.

भिमाबाईनं मोबाइल खाली ठेवला. “म्हंजे सदाला मी उगाच थांबवला.”

“तू नाही गं आई. माझ्यामुळे झालं.” दीक्षाला हुंदका आवरेना.

तेवढ्यात नऊ वाजले आणि टेबलावरचा लॅपटॉप वाजला. रामजी, चौल, छातीत दुखतंय. गाडी निघाली आहे. पुढे हिरवी खूण.

भिमाबाईनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

“काढ त्यांचं नाव,” ती म्हणाली. “आनि माजं घालू नको.”