हलक्या हाताचं सूप

आई मावशीकडे राहायला गेली त्याच संध्याकाळी गल्लीत धुकं उतरलं आणि मग ते जायचं नावच घेईना. समोरचं औषधांचं दुकान दिसेना, दिव्याचा खांब दिसेना. खिडकीशी उभं राहिलं की वाटायचं, आपलं घर कुणीतरी अलगद उचलून कापसात ठेवलंय. खालच्या बाइंडिंगखान्यातून कटिंग मशीनचा आवाज यायचा, तोही झोपेत ऐकल्यासारखा. मी दिवसभर जागी असायचे, पण पूर्ण जागी नसायचे.

मावशीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तरी आई गेली म्हणजे गेली होती.

झालं ते असं. बाबा पुस्तकं बांधतात, त्यांचे वडील बांधायचे, मीही बांधते. आमच्या घरात माणसाची पारख खळीवर होते. मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ बोटाला रेशमासारखी लागली पाहिजे, कारण एक गुठळी राहिली तरी पुठ्ठ्यावर फोड येतो. आई लग्न होऊन या घरात आली, पण तिचा हात खळीवर कधी बसलाच नाही. त्या दिवशी बाबा तापानं पडले होते, शब्दकोशांचं मोठं काम अडलं होतं, म्हणून बिचारीनं पहाटे उठून पातेलंभर खळ केली. बाबा ताप घेऊनच खाली आले, पळी बुडवून बघितली, आणि पानं शिवणाऱ्या काकूंसमोर, कटिंगवाल्यासमोर म्हणाले, "ही खळ आहे की खडी?" आणि पातेलं मोरीत ओतलं. सगळे हसले. आईनं ते पातेलं घासून पालथं घातलं, पिशवी भरली आणि गेली.

"राग नाकावर असतो तिचा. येईल," बाबा म्हणाले. राग नाकावर कुणाचा असतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण बोलणार कोण?

ती आली नाही. बाबांचा ताप गेला, खोकला राहिला. रात्री ते पलंगाच्या आपल्या कडेलाच झोपायचे, बाकीचा पलंग तसाच न चुरगळलेला. मला भीती वाटायला लागली की हे असंच राहील, आणि आम्हाला त्याची सवयही होईल.

आज दुपारी मात्र ते बाह्या सरसावून स्वयंपाकघरात आले.

"हिचं ते गोळ्यांचं सूप करू. सोपं असतं."

"कुणासाठी?"

"थंडी पडलीय," ते म्हणाले. मग तवा उगाच इकडचा तिकडे ठेवून, "जमलं तर थोडं मावशीकडे देऊन ये."

मी कांदा, गाजर, बटाटा चिरून लोण्यावर परतलं, पाणी घातलं, मीठ-मिरी घातली. गोळ्यांचं पीठ बाबांकडे. मैदा, चिमूटभर बेकिंग पावडर, लोणी, दूध. दूध पडलं मात्र, त्यांचा हात सुटला. खळ घोटतात तसं गोल गोल घोटत राहिले, पीठ चकाकेपर्यंत.

"एक गुठळी शोधून दाखव," ते म्हणाले.

चमच्याचमच्यानं पीठ उकळत्या सुपात सोडलं आणि झाकण ठेवलं. ते त्यांनी दर मिनिटाला उघडून पाहिलं. गोळे तळाशी बसले ते बसलेच. एक चमच्यानं काढून बघताना निसटून फरशीवर पडला आणि चक्क चेंडूसारखा उडाला.

"मैदा जुना असेल," बाबा म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हटलं आणि सरळ आईला फोन लावला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "किती घोटलंय त्यांनी?"

"एकही गुठळी ठेवली नाही!" मागून बाबा, छाती काढून.

फोनमध्ये आई हसली. तिचं ते दबकं हसू कानात शिरलं आणि मला एकदम रडूच आलं. "त्यांना सांग," ती म्हणाली, "चमचा चार वेळा फिरवायचा आणि थांबायचं. पीठ ओबडधोबडच राहू द्यायचं, गुठळ्यांसकट. तरच गोळे फुलतात. घोटलं की चिवट होतात. आणि झाकणाला हात लावायचा नाही."

"मुद्दाम ठेवायच्या गुठळ्या?" बाबांनी विचारलं. विचारलं मला, पण बघत फोनकडे होते. इतकी वर्षं त्यांनी ते सूप वाट्यांवर वाट्या प्यायलं होतं, आणि पिठाच्या भांड्यात ते एकदाही डोकावले नव्हते. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "तिला म्हणावं, इकडेच ये खायला."

"बघते," आई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला बाबांनी चमचा फिरवला आणि थांबले. थांबताना त्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलं. गोळे सोडून झाकण ठेवल्यावर ते स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पातेलं आत गुणगुणत होतं. वाफ कडेनं निघून खिडकीशी जायची, आणि घरातलं धुकं कुठलं, बाहेरचं कुठलं, काही कळेना. डोळे मिटत होते. त्या पांढऱ्यात मला आई चालताना दिसली, मग दार वाजलं आणि ती खरीच आली होती, केसांवर बारीक थेंब घेऊन.

तिनं शाल काढली नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पाहुणी बसते तशी, टोकावर.

मी झाकण उघडलं. गोळे वर आले होते, गुबगुबीत, एकमेकांना खेटून. बाबांनी स्वतः वाढलं आणि वाटी तिच्या हातात दिली. तिनं चमच्यानं गोळा दाबला, तो अलगद फुटला. खाल्ला. आम्ही दोघं निकाल लागायचा असावा तसे उभे.

"मीठ कमी आहे," आई मला म्हणाली. आणि दुसरा घेतला.

बाबांनी घसा साफ केला. "त्या दिवशी माझं चुकलं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, झालं, मिटलं.

आईनं वाटी मांडीवर ठेवली. "त्यांना सांग, जे हसले ते खाली आहेत."

बाबांचा चेहरा उतरला. खाली त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. काकू त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या, आणि कटिंगवाल्याला तर त्यांनीच काम शिकवलेलं. ते दाराकडे गेले, थांबले, पुन्हा आमच्याकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती, तिचे डोळे खिडकीबाहेरच्या पांढऱ्यावर होते. बाबा जिना उतरले.

मशीन थांबलं. इतक्या दिवसांत ते भर दुपारी पहिल्यांदाच थांबलं असेल.

"ऐका जरा," खालून बाबांचा आवाज आला. मग खोकला. "त्या दिवशी मी हिची खळ मोरीत ओतली. ती पहाटे उठली होती, माझ्यासाठी. तुमच्यासमोर तिला हिणवलं. वाईट वागलो मी." मग शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "आम्हीही हसायला नको होतं."

मशीन पुन्हा सुरू झालं. बाबा सावकाश वर आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, स्वतःच्याच घरात यायचं की नाही ते न कळल्यासारखे.

आईनं उठून शाल खुंटीला लावली. दुसरी वाटी भरली, तिच्यात मीठ घातलं, ढवळलं, आणि टेबलावर त्यांच्या जागेसमोर ठेवली.

"बसा," ती त्यांना म्हणाली. "गार होतंय तुमचं."