चौथ्या मजल्यावरचा हिरवा चौकोन

"ताई, सगळं मोबाईलवर आणा, पण माझी सोमवारची फेरी बंद करू नका. चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई एकट्या असतात, आपणहून काही सांगायच्या नाहीत," प्लंबरकाका म्हणाले होते. इमारतीच्या देखभालीचं काम नुकतंच अंगावर घेतलेल्या तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

दर सोमवारी चोवीस दारं वाजवायची, त्यातल्या निम्म्या घरी नुसत्या गप्पा! शिकल्यासवरल्या बाईला हे कसं बघवणार? तिने मोबाईलवर चोवीस चौकोनांचा तक्ता केला. तक्रार आली की घराचा चौकोन लाल, नाहीतर हिरवा. काकांनी फक्त लाल घरी जायचं. दोन दिवस तुंबून राहणारी मोरी दोन तासांत मोकळी व्हायला लागली. कौतुकाने ती अशी फुगली की नवरा म्हणाला, "बाईसाहेब, दारातून जरा आडव्या या."

एरवी ती जात्याच काळजीखोर. लेक जेवली नाही तर काळजी, जेवली तर घशात अडकेल ही काळजी.

त्या सकाळी तक्त्यातली हिरवळ न्याहाळत असताना तिच्या लक्षात आलं, घरात आवाजच नाही. दोन वर्षांची पोर गप्प, म्हणजे काहीतरी उद्योग चाललाय! ती धावली. लेक पिठाच्या डब्यात दोन्ही पाय घालून उभी, नखशिखांत पांढरी.

तिला हसू फुटलं, आणि लगेच चौथा मजला आठवला. पोर दोन मिनिटं गप्प बसली तर आपण धावतो. मास्तरीणबाई तक्ता सुरू झाल्यापासून पाच आठवडे गप्प, तर त्यांना हिरवा रंग देऊन मोकळे झालो!

पिठाळलेली लेक कडेवर घेऊन ती जिने चढली. दार बऱ्याच वेळाने उघडलं. बाई भिंतीला धरून उभ्या, घोटा टम्म सुजलेला. स्वयंपाकघरातला नळ दहा दिवस बंद होता. मोरीतून बादली आणताना पाय घसरला होता.

"अहो मावशी, कळवायचं नाही का?"

"तुझं ते कळवणं मोबाईलवर ना? माझा फोन बटणांचा. म्हटलं, सोमवारी काका येतीलच. आजारी आहेत का गं ते? मला त्यांचीच काळजी लागलीये."

तिने डॉक्टरांना बोलावलं, काकांनी दुपारी नळ बदलला. तक्त्यात आता नवा रकाना आहे: दार शेवटचं कधी वाजवलं. आठवडा उलटला की चौकोन आपोआप पिवळा होतो आणि काका त्या घरी जातात, मग तक्रार असो वा नसो.

हल्ली ती भेटेल त्याला गाठून सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या जिन्यात असं कुणीतरी असेलच, ज्यांचं बरेच दिवस काही म्हणणं आलेलं नाही. हे वाचणं राहू द्या बाजूला. आधी जाऊन त्यांचं दार वाजवा, आणि उघडेपर्यंत थांबा.