घरीच तर आहेस

भूगर्भशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून ती घरी परतली, तेव्हा बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, "आमची बेबी आता दगडांशी बोलते. माणसांशी बोलायला तिला वेळ नाही."

बाबा बसचे कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. जन्मभर गर्दीत ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते घरात कुजबुजले तरी शेजारच्या शिंपीणकाकूंचं मशीन थांबायचं. बेबी शाळेत असतानाच आई गेली होती. मोठा भाऊ, दादा, लांबच्या मोठ्या शहरात बँकेत होता. त्याचं लग्न झालं होतं, फ्लॅट झाला होता, पोट सुटलं होतं.

बेबीचा बेत साधा होता. महिना-दोन महिने घरी काढायचे, अर्ज करायचे, नोकरी लागली की बाडबिस्तरा उचलायचा. खाणी, धरणं, बोगदे, कुठेही तुमच्याशिवाय पान हलत नाही, असं कॉलेजातले सर सांगायचे. बाहेर पडल्यावर तिला कळलं, पान मजेत हलत होतं. कुठे अनुभव हवा होता, कुठे पुरुष हवा होता, कुठे दोन्ही. बहुतेक ठिकाणांहून साधा नकारही येत नसे. सुरुवातीला बाबा रोज विचारायचे, "आलं का काही?" मग ते विचारेनासे झाले. ते तिला जास्त लागायचं.

एका सकाळी दाढी करता करता बाबा आरशासमोरच खाली बसले. एका गालाला साबण, दुसरा गाल वाकडा. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत, तोंडापर्यंतचा रस्ता तुटलाय. एकच वाक्य कसं कोण जाणे वाचलं होतं. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, राग आला, तरी बाबा म्हणायचे, "चला, पुढे सरका." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बेबी आणि शिंपीणकाकू दोघी खो खो हसल्या. बाबाही अर्ध्या तोंडाने हसले. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. त्यानंतर त्या वाक्याला कुणी हसलं नाही.

दादा आला, दोन दिवस राहिला. मोठ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला आणि निघताना बुटाची नाडी बांधत म्हणाला, "सध्या तू घरीच तर आहेस, बेबी. नोकरी लागेपर्यंत बघ. लागली की काहीतरी सोय करू."

"काय सोय?"

"अगं, आधी लागू तर दे."

मग बेबी शिकली. माणसाला न उठवता त्याच्याखालची चादर कशी बदलायची, कोणत्या हाडावर आधी लाली धरते, घास कोणत्या गालात अडकतो. बापाचे कपडे बदलताना छताकडे बघायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिल्या आठवड्यात बाबा तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. नंतर दोघांनीही लाज सोडली. भांडणं मात्र व्हायची. बाबा डाव्या हाताने वाटी भिरकावायचे, ही आदळआपट करायची आणि शिंपीणकाकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "येऊ का गं?"

दुसऱ्या वर्षी एका सर्वेक्षण कंपनीचं बोलावणं आलं. काकूंना बाबांजवळ बसवून ती गेली. मुलाखत छान झाली. कित्येक महिन्यांत कुणी तिला खडकाबद्दल काही विचारलं नव्हतं. बोलताना तिचे हात आपोआप हलत होते, थर कसे वाकतात ते हवेत दाखवत होते. कंपनीने पुढच्या फेरीला बोलावलं. त्यासाठी आठवडाभर डोंगरात, छावणीत राहायचं होतं. तिने दादाला फोन केला.

"एकच आठवडा ये. फक्त एक."

"बेबी, इथे ऑडिट चालू आहे. मान वर करायला फुरसत नाही. रजेचं नावही काढता येणार नाही."

"मग वहिनीला पाठव."

"तिला हे सगळं जमणार आहे का? तुला सवय आहे."

"मलाही नव्हती, दादा."

"अशा संधी पुन्हा येतात गं. वडील पुन्हा येत नाहीत." ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, भर दुपारी, पाठ पुसायला कोमट पाणी घेऊन ती आली तर बाबा गेलेले होते. तोंड तिच्याकडेच होतं. ती त्याच पाण्याने त्यांची पाठ पुसून मगच काकूंना हाक मारायला गेली.

दादाला त्याच दिवशी रजा मिळाली. आमचे साहेब फार माणुसकीचे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते. बेबीला म्हणत होते, "सुटले बिचारे. तूही सुटलीस." कुठून सुटले आणि कुठे पडले, हे तिला समजत नव्हतं. हात मात्र ठरल्या वेळी कूस बदलायला शिवशिवत होते.

सगळं उरकल्यावर वहिनीने तिला जवळ घेतलं. "इथे एकटी काय करणार? आमच्याकडे चल. मोठं शहर आहे, तुझ्या शिक्षणाला वाव मिळेल." त्या क्षणी ती वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. दादाने घर भाड्याने दिलं. बेबीने पुस्तकं आणि कपडे भरले.

फ्लॅटमधल्या तिच्या खोलीत दोन पलंग होते. एक साधा, एक कठड्याचा. तिने विचारलं नाही. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या गाडीतून वहिनीची आई आली. खुब्याचं हाड मोडलेलं, रागाने ओठ घट्ट मिटलेले.

"थोडे दिवसच गं," वहिनी म्हणाली. "तुझा हात इतका हलका आहे, बाहेरची बाई असं थोडंच करणार? आणि तू घरीच तर आहेस."

बेबीने दादाकडे पाहिलं. दादा पंखा चालू आहे की नाही ते बघत होता.

दोघं कामावर गेल्यावर म्हातारीने तोंड उघडलं. "मला सांगितलं, नर्स ठेवलीय."

"मला सांगितलं, नोकरी शोधायला ये."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे दोघींना एकाच दोरीने बांधलंय. काय शिकलीस?"

"दगड."

"बरं झालं. या घरात उपयोगी पडेल."

कडू होती बाई, पण खोटी नव्हती. बेबी तिला मावशी म्हणू लागली. कूस बदलताना मावशी शिव्या द्यायची, कळ ओसरली की म्हणायची, "तुला नाही, हाडाला." एकदा तिनेच विषय काढला. "दुपारी मी गप्प पडून राहते. तू तुझे अर्ज खरड. तुझ्या वहिनीने विचारलं तर मी सांगीन, पोरीने दिवसभर माझे पाय दाबले."

तसे अर्ज गेले. माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने बोलावलं. मुलाखतीच्या सकाळी मावशीने असा काही आरडाओरडा केला, की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. "आज मला माझी मुलगी हवी! पोटची! दुसरी कुणी अंगाला हात लावायचा नाही!" वहिनीला झक मारत रजा टाकावी लागली. बेबी चप्पल घालून निघाली तेव्हा मावशीने ओरडता ओरडता तिला डोळा मारला.

प्रयोगशाळेचा साहेब तिचे कागद चाळत म्हणाला, "इथे दगड नाहीत बाई, इथे चिखल आहे. आणि ही मधली दोन-तीन वर्षं? काय केलंत?"

"वडील अंथरुणावर होते. मी त्यांचं करत होते."

"म्हणजे काही नाही," तो म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, सहज. नोकरी मिळाली. ज्यांना तिने शिकवायला हवं होतं, त्यांच्याच हाताखाली.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगितलं. वहिनीचा घास हातातच राहिला. "आणि आईचं काय?"

"बाई ठेवा."

"इतकी मतलबी असशील असं वाटलं नव्हतं."

दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "चिखल चाळण्यासाठी शिकलीस का तू? थांब जरा, चांगलं काही मिळेल. इतकी वर्षं घरीच होतीस, आणखी सहा महिन्यांनी काय बिघडतं?"

"घरी नव्हते. बाबांजवळ होते."

"बाबा माझेही होते, बेबी."

"हो. फोनवर."

दादाने ताट सरकवलं आणि उठून गेला. आतल्या खोलीतून मावशीचा आवाज आला, "तूप कुणी सांडलं रे, सगळे गप्प का?"

आता ती बायकांच्या वसतिगृहात राहते. दिवसभर चाळण्या हलवते, माती भट्टीत वाळवते, आकडे साहेबाला देते आणि साहेब त्यावर सही ठोकतो. संध्याकाळी नखांतली माती निघता निघत नाही. तिच्या वर्गातली एकजण डोंगरातल्या छावणीचे फोटो पाठवते. बेबी ते मोठे करून बघते, माणसं नाही, मागचा कडा. थर वाचते. मग फोन उलटा ठेवते. बाबांची आठवण हवी तेव्हा येत नाही. भलत्याच वेळी येते. बसमध्ये कुणाचं कोपर लागलं की येते, आणि तेव्हा तिला बाबांचाच राग येतो. इतके दिवस का लावलेत, किंवा इतक्या लवकर का गेलात, यातलं नेमकं काय म्हणायचं असतं ते तिचं तिलाच ठरवता येत नाही.

दर रविवारी ती दादाकडे जाते. तिथे जेवत नाही, चहाही घेत नाही. कामाला लावलेली बाई मावशीला ओढून बसवते, मावशीच्या दंडावर बोटांचे वळ असतात. बेबी बाईला दाखवते, हात कुठून घालायचा ते. बाई मान डोलावते आणि पुढच्या रविवारी वळ असतातच. दादा बाहेर वर्तमानपत्र वाचत बसतो. दोघं एकमेकांशी हवापाण्याचं बोलतात.

परवा मावशीने विचारलं, "खरं सांग, माझ्यासाठी येतेस की बापासाठी?"

बेबी पलंगाच्या कडेला बसली होती. तिने पिशवीतून नखं कापायची कात्री काढली.

"हात द्या," ती म्हणाली. "किती वाढलीत ही."