मिनिटभराचा उशीर

नाना जाऊन महिना झाला नव्हता, तोच हर्षालीने बिबट्याची साइट नव्याने लिहायला काढली. जुन्नरच्या आसपासच्या वस्त्यांसाठी ती तिनेच बनवली होती. कुणाला उसात जनावर दिसलं की त्याने बटण दाबायचं, आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनवर मेसेज जायचा. लिहिली होती पायथन या संगणकाच्या भाषेत, कारण तिला तीच येत होती. नाना गेले त्या संध्याकाळी शेकडो लोकांनी एकदम साइट उघडली, ती अडकली आणि मेसेज मिनिटभर उशिरा सुटले. त्याच संध्याकाळी बिबट्याने नानांना, तिच्या वडिलांना, बांधावर धरलं.

त्या मिनिटापलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

साइट सांभाळायला मदत करणारा आदेश ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. "रस्ट भाषा नको," तो म्हणाला. "पळतं लई, पण शिकून, लिहून होईस्तोवर बिबट्याला नातवंडं होतील." मग त्याने जीभ चावली.

"आणि गो भाषा?" हर्षालीने विचारलं.

"गो चालेल. हजार माणसं एकदम आली तरी दमत नाय. पण खरं सांगू? भाषेनं एवढा फरक पडत नाय. सगळा वेळ जातो जवळपासचे नंबर शोधण्यात. तेवढं सुधारलं तर पायथनही पुरेल."

"भाषेमुळेच उशीर झाला," हर्षाली म्हणाली. आदेशने तिच्याकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला.

साळुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "कसला उशीर गं?"

"मेसेजला, आई. नानांना कळायला."

"त्यांला कळलं व्हतं की! मीच वाचून दाखवला. आपल्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या व्हत्या ना, त्या धनगरांच्या फोनला चार्जिंग नव्हतं. 'आपणच बसवलंय त्यांना, मग सांगाया नको का?' म्हणले. चहा बी अर्धा ठेवला. उजेडाला बॅटरी घेतली न् गेले."

"वाचल्या वाचल्या?"

"लगीच."

हर्षालीने ते मिनिट मनातून काढून पाहिलं. मेसेज वेळेवर आला. नाना वेळेवर उठले, बॅटरी घेतली, त्याच बांधाने निघाले. मिनिटभर आधी गेल्याने वाचले असते का, कोण सांगणार? कुठल्याही भाषेत लिहिलं असतं तरी ते निघालेच असते. मेसेज आलाच नसता, तर मात्र चहा संपवून घरात बसले असते.

"मग गो ना?" आदेशने हळूच विचारलं.

"हं."

"आता लवकर जाईल का गं मेसेज?" साळुबाईंनी विचारलं.

"जाईल, आई."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

हर्षालीने कोरी फाइल उघडली. पहिली ओळ लिहायला तिचा हात उठेना.