जांभईचं कापड

सासूबाई हिवाळ्याच्या स्कार्फचं कापड डोळे मिटून निवडत. अगदी खरोखर डोळे मिटून. दुकानात तागा उलगडायचा, त्याचं टोक गळ्याभोवती घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं. जांभई आली तर कापड उबदार, नाही आली तर नापास. पास झालेल्या त्या एकाच कापडातून अख्ख्या घराचे स्कार्फ निघत. सासरे, नवरा, नणंद, कोणाची सुटका नसे. रंगाचं काय, असं कोणी विचारलंच तर त्या म्हणत, "थंडीला डोळे असतात का?"

नव्या सुनेचा हा या घरातला पहिला हिवाळा. माहेरून आलेला मरून कोट कपाटात तयार होता आणि त्यावर शोभेल असं सायीच्या रंगाचं मऊ कापड तिने दुकानाच्या काचेत हेरून ठेवलं होतं. येता-जाता ती त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघे की नवऱ्याला जरा वाईटच वाटे. तेच कापड सासूबाईंकडून पास करून घ्यायचं, असा तिने चंगच बांधला होता.

सगळे दुकानात गेल्याबरोबर तिने तो तागा पुढे केला. "आई, हे बघा ना. म्हणजे, बघू नका. गळ्याला लावा."

सासूबाईंनी कापड गुंडाळलं, डोळे मिटले. दुकान चिडीचूप झालं. सासूबाईंचं नाक हललं, तोंड उघडलं, सुनेचा जीव टांगणीला लागला आणि एवढी मोठी शिंक आली की गल्ल्यावरची टेप खाली पडली.

"नापास," सासरे हळूच म्हणाले.

दुकानदार जुना खेळाडू. त्याने फळीच्या अगदी खालून एक तागा ओढला. ओल्या पोत्याचा रंग, त्यावर जांभळ्या चौकटी. तो कोणी घेत नव्हतं यात नवल काहीच नव्हतं. सासूबाईंनी तो गळ्याशी धरला मात्र, त्यांना अशी जांभई आली की पाठोपाठ सासऱ्यांना आली, नवऱ्याला आली, नणंदेला आली, दुकानदारालाही आली. सुनेला तेवढी आली नाही. तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

"चार जणांचं कापा," सासूबाई म्हणाल्या.

"पाच ना, काकू? सूनबाईंचा धरून?"

"तिला नको. तिला ते पांढरं द्या."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! सुनेने पुडकं छातीशी धरलं. पण घरी येईपर्यंत आपल्याला हवा तेवढा आनंद का होत नाही, हे काही तिला कळेना.

ते कळलं पुढच्या रविवारी. सगळे फिरायला निघाले. चौघांच्या गळ्यात पोतं, हिच्या गळ्यात साय. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी लांबूनच हाक मारली, "सगळं घर निघालं वाटतं! आणि या पाहुण्या कधी आल्या?"

सगळे हसले. सूनही हसली. पण घरी आल्यावर सासूबाई शिलाई मशीनजवळ बसल्या, तशी ती थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आई, मला पण ते पाहिजे."

"ते? अगं, दुकानात काय तोंड केलं होतंस! मी म्हटलं, कशाला पोरीच्या गळ्यात बळेच घालायचं?"

"रंग भयंकरच आहे," सून म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "पण मी पाहुणी नाहीये ना!"

सासूबाई उठल्या, चपला घातल्या आणि तिला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने कानाला हात लावला. उरलेला तुकडा त्याने फरशी पुसायला काढला होता. सासूबाई तिला घेऊन घरी परत आल्या. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ काढला आणि कात्रीने मधोमध कापला.

"अहो आई!"

"आण तुझाही इकडे. आखूड स्कार्फ घालून मी काही हिंडणार नाही."

सायीचेही दोन तुकडे झाले. मशीन खडखडली आणि अर्धी साय, अर्धं पोतं असे दोन स्कार्फ तयार झाले. सासूबाईंना गळ्याशी साय आली की शिंका येत, म्हणून त्या पोत्याचं टोक आत घेत. सुनेने आरशात पाहिलं. मरून कोटाचा पार सत्यानाश झाला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी भाजी आणायला निघाल्या. इस्त्रीवाल्या बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "काय हो, सासूसुनेला कापड कमी पडलं वाटतं?"

"हो ना," सून ऐटीत म्हणाली, "थोडं कमीच पडलं." आणि पोत्याचं टोक गळ्याशी घट्ट ओढता ओढता तिला भर रस्त्यात मोठी जांभई आली.