घरातलं चांगलं तेच

गोटी हे नाव तिला पडलं तेव्हा ती गोल होती. आता तिच्या फासळ्या लांबूनही दिसत, पण नाव एकदा चिकटलं की वजनाबरोबर उतरत नाही. वर्षभर पोरीचं पोट बिघडलेलं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि दोष सगळा आईच्या माथी. जाऊ म्हणायची, "तू फार धाकात ठेवतेस, म्हणून वाढत नाही." नवरा म्हणायचा, "होईल बरं," आणि कूस बदलायचा. सासूबाई काहीच म्हणत नसत. त्या जावेच्या मुलाच्या पाठीवर थाप मारत. त्याला सगळे पैलवान म्हणत. गोटीहून वर्षानंच मोठा, पण दिसायला दोन गोट्या मावतील एवढा.

मुलांच्या दवाखान्यातल्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी गोटीची शी तपासायला मागितली होती. तीनदा. तिन्ही वेळा आईनं डबी भरली, वर नाव लिहिलं, न्हाणीघराबाहेरच्या खिडकीत ठेवली आणि आत गोटीला धुवायला घेतलं. नवऱ्यानं कामावर जाताना ती दवाखान्यात दिली. मायक्रोस्कोपखाली तिन्ही वेळा काही सापडलं नाही.

"जंत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतड्याला आपोआप सूज येते, तसलं काहीतरी दिसतंय. सूज उतरवायचं जड औषध सुरू करू."

"जंत नाहीत हे नक्की?"

"आई, तीन रिपोर्ट आहेत."

दवाखान्यात शिरलं की बाईला नाव उरत नाही. ती सगळ्यांची आई होते, आणि आईचं ऐकायचं नसतं हे प्रत्येक जण घरूनच शिकून आलेला असतो.

"आणि असलेच तर?" तिनं विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असले तर वाईट. या औषधानं अंगाची राखण झोपते. मग एखादी जात आतडं सोडून अंगभर फिरते. जिवावर बेतू शकतं." एवढं स्वतःच बोलल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. "बरं, एकदा मोठ्या लॅबला पाठवू. तिथं डोळ्यांनी शोधत नाहीत. शीमध्ये ज्याचा ज्याचा अंश असेल त्याचे जनुक मशीन वाचतं. सोमवारी रिपोर्ट येईल. काही नाही निघालं तर मंगळवारपासून औषध."

चौथी डबीही आईनं तशीच भरली, तशीच खिडकीत ठेवली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, गोटीकडे पाहिलं, परत रिपोर्ट वाचला.

"ही मुलगी आहे ना?"

"जन्मल्यापासून मीच आंघोळ घालते हिला," आई म्हणाली.

"मशीन म्हणतंय मुलगा आहे."

गोटीनं आईकडे पाहिलं. तिला ही बातमी नवीन होती.

"शीबरोबर माणसाच्या आतड्याचे बारीक कणही पडतात," बाई म्हणाल्या. "त्यावरून कळतं. लॅबवाल्यांनी दोनदा वाचून पाहिलं, त्यांच्याकडे अदलाबदल नाही. हा नमुना दुसऱ्या कुणाचा आहे. आणि ज्याचा आहे त्याच्या पोटात सुतासारखा बारीक जंत आहे. हा मायक्रोस्कोपखाली पुष्कळदा हुकतो. ओल्या मातीत असतो, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आणि एकदा शिरला की वर्षानुवर्षं बिऱ्हाड हलवत नाही. तुमच्या घरात मुलगा आहे?"

घरात मुलगा एकच होता.

"उद्याचं औषध?" आईनं विचारलं.

"थांबलं. हिची स्वतःची आणा आधी."

घरी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, डबीत काय घातलंत तुम्ही?" गोटीच्या आईनं सरळ त्यांनाच विचारलं.

"कुठल्या?"

"खिडकीतल्या."

सासूबाईंनी हातातली शेंग पुरी सोलली. "तू काय भरलं होतंस ते बघितलंस तरी? नुसतं पाणी. वास तर विचारू नकोस. आणि वर आपलं आडनाव. परकी माणसं झाकण उघडणार, नाक दाबणार, म्हणणार, कसलं हे घर. मी टाकून दिलं ते. पैलवानाचं कसं, बांधेसूद असतं."

"चारही वेळा?"

"कुणाकडे काही पाठवायचं तर घरातलं चांगलं ते पाठवावं. एवढं वळण आहे आम्हाला."

अशीच पोरं मरतात. विष घालायला कुणी येत नाही. चार लोकांत नाक वर राहावं म्हणून घरातलीच माणसं पोराचं दुखणं पुसून, घासून, लख्ख करून ठेवतात आणि मग त्याच लोकांपुढे रडतात.

आवाज ऐकून जाऊ बाहेर आली. डब्यांचं कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "म्हणजे चारही वेळा आमच्याच पैलवानाचं? बघा, दवाखान्यातसुद्धा त्याचंच खपतं."

"त्याच्याच पोटात जंत निघालेत."

जाऊ खाली बसली.

"मशीनचं काय खरं धरायचं?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर गोटीला मुलगा म्हणतं."

"पैलवानाला मुलगा म्हणतं, आई. बरोबर म्हणतं."

सासूबाईंनी सोललेलीच शेंग पुन्हा उचलली.

आईनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. मागचं अंगण म्हणजे सासूबाईंचा अभिमान. स्वतः झाडायच्या, आणि कुणी चप्पल घालून पाऊल टाकलं तर घर डोक्यावर घ्यायच्या. दोन्ही पोरं दिवसभर तिथं अनवाणी खेळत. अंगणाच्या कोपऱ्यात संडासाची टाकी होती, तिचं झाकण तडकलेलं होतं, आणि त्या बाजूची माती कायम ओली असायची. पायाला कशी गार लागते, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी आईनं गोटीची डबी भरली आणि हातातून सोडलीच नाही. "दे, जाता जाता देतो मी," नवरा म्हणाला. "नको," ती म्हणाली. दार वाजलं तेव्हाही ती डबी घेऊनच उघडायला गेली. लॅबला जाईपर्यंत ती तिच्या मांडीवर होती.

या वेळी मशीननं मुलगी सांगितली. जंत तोच, पैलवानाच्यापेक्षा किती तरी जास्त. ते जड औषध पोटात गेलं असतं तर काय झालं असतं, ते बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्ही पोरांना साध्या गोळ्या मिळाल्या.

"आई, तुमचं बरोबर होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाव त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. "आता घरातल्या सगळ्यांच्या डब्या पाठवा. मोठ्यांच्यासुद्धा."

नवऱ्यानं दिली. जावेनं दिली, दिराकडूनही आणवली. सासूबाईंचं रोज काहीतरी निघत होतं. कधी आज झालीच नाही, तर कधी झाली पण डबी सापडली नाही. शेवटी एका सकाळी गोटी दूधभात संपवून ताट चाटत बसलेली असताना आई डबी घेऊन संडासाच्या दाराशी उभी राहिली.

"तू जा, मी आणून देते," आतून आवाज आला.

"मी आहे इथंच."

"असं कुणी दारात उभं राहिलं की होत नाही मला."

"सावकाश होऊ द्या."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सासूबाईंनी पदराखालून डबी पुढे केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"जरा पातळच आहे," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस असंच होतंय."

"असू दे." आईनं झाकण घट्ट केलं. जाऊ पैलवानाला घेऊन केव्हाच बाहेर गेली होती, नवरा आणि दीर कामावर होते. घरात चौथं माणूस नव्हतं. तरी तिनं विचारलं, "तुमचंच आहे ना?"