एकसष्ट दुजोरे

मित्रांनो, मी एक जुनी प्रोफाइल आहे. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. एखाद्या कपाटाला नऊ वर्षं काहीच नाहीत, पण माझ्या जगात एवढ्या काळात पिढ्या उलटतात. नोकरी शोधणारी माणसं इंटरनेटवरच्या ज्या पानावर आपलं शिक्षण, काम आणि फोटो मांडतात, ते पान म्हणजे मी. माझ्या मालकिणीचं नाव व्हॅलेन्सिया डिमेलो. मला डोळे-कान नाहीत, पण ज्या पडद्यावर मी उघडी असते, त्याच्या समोर जे घडतं ते मला कळतं. आणि आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने संशयी आहे.

त्याला माझा जन्मच कारण आहे. बोरिवलीच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीत, एका तासात मला तयार केलं गेलं. सरांनी फळ्यावर नमुना लिहून दिला होता : मेहनती, प्रामाणिक, जबाबदार. सगळ्या वर्गाने तो जसाच्या तसा उतरवला. त्या दुपारी त्या खोलीत अठ्ठावन्न प्रामाणिक प्रोफाइली जन्मल्या, आणि एकीचाही शब्द स्वतःचा नव्हता. फोटो व्हॅलेन्सियाच्या चुलतबहिणीच्या लग्नातला कापून घेतलेला. तिच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली होती. ती कुणाची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन व्हॅलेन्सिया चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. गोळीत जेवढं औषध लिहिलंय तेवढंच आहे का, हे यंत्रावर तपासायचं तिचं काम. त्या तपासणीला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. कामावर लागल्यावर तिने माझ्यावर एक ओळ लिहिली आणि मग ती मला विसरली. चार वर्षं मी तशीच पडून होते. अधूनमधून कुणीतरी अनोळखी येऊन मला पाहून जाई. कशाला, ते सांगत नसे.

मग ती प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात हलली. व्हॅलेन्सियाला जाता आलं नाही, कारण त्याच महिन्यात तिचे वडील डेनिस पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आई नव्हती. चौदा महिने ती घरीच राहिली. वडील काठी घेऊन चर्चपर्यंत जाऊ लागले, तेव्हा तिने मला पुन्हा उघडलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग 'मेहनती' पुसलं, 'प्रामाणिक' पुसलं, 'जबाबदार'ही पुसलं. त्या जागी लिहिलं : चार वर्षांत सुमारे नऊ हजार नमुने तपासले, त्यातले एकोणीस पुन्हा तपासावे लागले. फोटोही नवा काढला, घरच्या भिंतीपुढे, एकटीचा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी कुणाची तरी आहे.

अडलं ते चौदा महिन्यांपाशी. तिची जुन्या प्रयोगशाळेतली मैत्रीण रेवती घरी आली होती. ती म्हणाली, "स्वतंत्र सल्लागार असं टाक यार. कोण बघतंय?"

"कुणाला सल्ला दिला, विचारलं तर?"

"तुझ्या पप्पांना दे ना रोज."

दोघी हसल्या. पण व्हॅलेन्सियाने ते टाकलं नाही. 'वडिलांच्या आजारपणामुळे घरी' एवढंच लिहिलं. रेवतीने मान हलवली आणि तिथेच बसून माझ्यावर एक शिफारस लिहिली : चार वर्षं मी हिच्या शेजारच्या टेबलावर होते, आकडा जुळेपर्यंत ही डबा उघडत नसे.

पुढचे तीन महिने कुणी बोलावलं नाही. आलेल्या पाच निरोपांपैकी दोन चक्क खोटे होते. एकाला तर मुलाखतीच्या आधीच आधार कार्ड हवं होतं. चौदा महिन्यांपाशी आलं की खरे लोक परत जात. मग एके दिवशी पवईच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुख देवदत्त सर माझ्यावर आले, खालपर्यंत वाचून गेले आणि तिला मंगळवारी बोलावणं आलं. वडिलांची औषधं, घराची दुरुस्ती, सगळं त्या मंगळवारवर येऊन थांबलं होतं.

आता मला चारकोप गावाबद्दल सांगायला हवं. तिथल्या आमच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत कुणाचंही काम एकट्याचं नसतं. लग्नाच्या आधी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातात, तेव्हा बँडच्या मागे अख्खं गाव चालतं. बोलावणं गेलं नसलं तरी लोक येतात, आणि जो येत नाही त्याची आठवण वर्षभर काढतात. शेजारच्या ज्युलिया आंटीला मुलाखतीचं कळलं, तेव्हा तिने त्याच हिशेबाने विचार केला. व्हॅलेन्सियाची वेळ आली आहे, तर गावाने हात लावायला नको का?

रविवारी मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, संपल्यावर तिने चर्चच्या आवारात सगळ्यांना थांबवलं. तिच्या भाच्याने, जेफ्रीने, नाताळात घरोघरी अशी खाती उघडून दिलेली होती, आणि शेजारधर्म म्हणून व्हॅलेन्सियाने कुणाचीच ओळखीची विनंती नाकारली नव्हती. माझ्यावर एक सोय आहे : मालकिणीला एखादं काम येतं, याला कुणीही बटण दाबून दुजोरा देऊ शकतं. जेफ्री प्रत्येकाचा फोन हातात घेऊन बटण दाखवू लागला.

मी घाबरले. चाळीस मिनिटांत एकसष्ट दुजोरे. पाववाल्याने माझ्या क्रोमॅटोग्राफीला दुजोरा दिला. बोटीवरच्या स्वयंपाक्याने दिला, शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंनी दिला. जेफ्री लग्नात ट्रम्पेट वाजवतो. त्याने तर शिफारसच लिहिली : व्हॅलेन्सियासारखी क्रोमॅटोग्राफी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि ती दोन दिवस अभ्यासात होती. तिने मला उघडलंच नाही.

मंगळवारी देवदत्त सरांनी मला त्यांच्या पडद्यावर उघडलं. व्हॅलेन्सिया समोर बसली होती. अर्धा तास त्यांनी यंत्राबद्दल विचारलं आणि तिने नीट उत्तरं दिली. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"हे एकसष्ट लोक कोण? एकाच दिवशी. त्यातले सोळा परेरा. कुठून विकत मिळतं हे सगळं?"

तिने पहिल्यांदाच ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती नावं एकेक करून वाचत गेली, आणि मला कळलं की तिला काय सुचतंय. जुन्या कंपनीचे लोक आहेत, असं एकच वाक्य पुरलं असतं.

"माझ्या गावातले आहेत," ती म्हणाली. "प्रेमापोटी केलंय. यांतल्या कुणीही मला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेलं नाही. तुम्ही हे धरू नका."

"मग पाहिलंय कोणी?"

"रेवतीने. तेवढी एकच शिफारस खरी आहे."

सरांनी मला बंद केलं. एकदा शंका आली की नऊ हजार नमुन्यांवरही येते, असं ते म्हणाले. शुक्रवारी कळवतो.

संध्याकाळी घरी ती एकेक दुजोरा काढत बसली. अठ्ठावीस झाले होते, तेव्हा ज्युलिया आंटी पातेलं घेऊन आली आणि फोनमध्ये डोकावली. माझ्यावरून आपलं नाव जाताना तिला दिसलं. पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं गेलं.

"आमची नावं नकोत काय गं बाय तुला? आमी खोटं कुठं बोललो?"

"आंटी, क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय, सांग बघू."

आंटी हळू आवाजात म्हणाली, "ते मला काय ठाऊक. मी तुला ओळखते ना."

"तू मला काय करताना पाहिलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

आंटी खुर्चीत बसली. मनात शोधत असावी. मग तिने डेनिसच्या आतल्या खोलीकडे बोट केलं. व्हॅलेन्सियाने फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, मग तेवढंच सांग. आंटी सांगत गेली, ती लिहीत गेली. शेवटी आंटीने ते स्वतःच्या खात्यातून माझ्यावर टाकलं :

'मी हिची शेजारीण. मला केमिस्ट्री कळत नाही. डेनिसच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिने गोळ्यांचा तक्ता कपाटाच्या दारावर लावला. चौदा महिने प्रत्येक गोळी दिल्यावर वेळ लिहून सही केली. मी तिथे असले तर मलाही सही करायला लावायची, मला राग येई. एकदा दुपारची गोळी राहिली. घरात कुणाला कळलं नसतं. तेही हिने लिहिलं, आणि डॉक्टरला फोन केला.'

बाकीचे तेहेतीस दुजोरे त्या रात्री गेले. जेफ्रीची शिफारसही गेली.

शुक्रवारी देवदत्त सरांनी मला पुन्हा उघडलं. आता दोनच शिफारसी होत्या. आंटीची त्यांनी दोनदा वाचली. मला वाटलं, हे हसणार. त्यांनी फोन लावला.

"तो तक्ता अजून आहे का?"

"आहे. सगळे कागद आहेत."

"सोमवारी घेऊन या. नोकरी दिली असं समजू नका. मला ती चुकलेली गोळी पाहायची आहे."

सोमवारी पवईला काय झालं ते मला ठाऊक नाही, मी तिथे उघडी नव्हते. त्यानंतर आठवडाभर कुणीच मला उघडलं नाही, आणि मी सवयीप्रमाणे वाईटाचीच शंका घेत राहिले. मग एका सकाळी व्हॅलेन्सिया आली आणि तिने एक नवी ओळ लिहिली : पवई, औषध तपासणी विभाग, आजपासून. चौदा महिन्यांची ओळ तिने तशीच राहू दिली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखी एखादी प्रोफाइल तयार कराल. तिच्यावर फळ्यावरचे शब्द उतरवू नका. मोठी पदवी नसली तरी चालेल, तुम्ही केलेलं एक लहानसं काम आकड्यासकट लिहा. आणि मित्राने मागितलं म्हणून बटण दाबू नका. आधी त्याचं काम जाऊन पाहून या. त्याला वेळ लागला तर लागू द्या. तोवर आम्ही रिकाम्या राहू. रिकामं असण्याची आम्हाला लाज वाटत नाही.